सगळ्यांचं वाढून होईपर्यंत

आक्का, आज भाकरी करपली. तव्यावर टाकली आणि तुझ्या रिकाम्या पिढ्याकडं बघत राहिले. वास आल्यावर भानावर आले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मुके, तव्याकडं बग. माझ्या तोंडाकडं काय बगायलीस?" मेसच्या पोरांनी ती भाकरी काही न बोलता खाल्ली. कुणीतरी नाक मुरडायला हवं होतं. तू गेल्यापासून सगळे माझ्याशी फार जपून बोलतात, त्यानंच जास्त थकायला होतं.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंतची. पुढं जे वाचलं ते मेसच्या पोरांनी टाकून दिलेल्या पेपरांतलं, डाळ निवडता निवडता. पण तोंडानं बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, आणि तुझ्याशी बोलायचं बरंच राहून गेलंय. म्हणून लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

तुला गावाकडं नेलं, औशाच्या पुढं, आपल्या शेतात. आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मांडीवर बेलाची पानं. आजूबाजूला सगळे उभे आणि तू एकटी बसलेली. आक्का, असं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. लोक रडत होते आणि माझ्या मनात येत होतं, बसली एकदाची. मग वाटलं, आता डोळे उघडून विचारणार, कुणाचं राहिलं का, म्हणून. स्वामींनी माती टाकायला सांगितली तेव्हा माझा हात उचलेना. भूकंपात तुझा नवरा आणि माझा नवरा, दोघे भाऊ एका भिंतीखाली गेले. त्यांना असं बसवायला कुणाला सवड नव्हती. सगळ्या गावाला एकत्रच अग्नी दिला होता. तुला तरी नीट बसवता आलं.

भूकंपापर्यंत मी तुला 'तुमी' म्हणायचे. थोरली जाऊ, तुझ्यापुढं पदर सरकू द्यायची नाही. मग पत्र्याच्या शेडमध्ये एकाच चादरीत आपण दोघी आणि मध्ये तुझं लेकरू, आपला बसू. तिथं कधी 'तू' म्हणायला लागले ते आठवत नाही. तू टोकलं नाहीस.

तुझी खोड तिथली. पहिल्यांदा जेवणाचा ट्रक आला तेव्हा माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. तू मधोमध उभी राहून ओरडलीस, "आरं, सगळ्यांचं वाढून होऊ द्या की!" कुणी ऐकलं नाही. पण त्या दिवसापासून तू आधी जेवली नाहीस. पुढं लातूरला येऊन आपण क्लासच्या पोरांची मेस घातली, तरी तेच. शेवटचं पोरगं उठलं की तू दारात जायचीस आणि गल्लीभर ऐकू जाईल असं विचारायचीस, "कुणाचं राहिलं का?" उत्तर आलं नाही की मग आत येऊन बसायचीस. तोवर भात गार, आमटी तळाची. मी ताट घेऊन तुझ्यासमोर बसायचे. तू 'घे' म्हणायचीस, तेव्हा मी पहिला घास उचलायचे. तुझ्या आधी नाही, तुझ्याशिवाय नाही. इतकी वर्षं.

आणि इतकी वर्षं मी गार जेवले, आक्का. हे तुला कधी बोलले नाही.

'थकले' हे मात्र बोलले होते. दरवर्षी बोलायचे. पोरं वाढत गेली. किनवटची, भोकरची, कुठली कुठली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं. गल्लीत एकाच्या दोन, दोनाच्या दहा मेस झाल्या. मी म्हणायचे, आता आपण नाही केलं तरी कुणी उपाशी राहत नाही. बंद करू. तू परात पुढं ओढायचीस. "थकल्यावर काय करतेत?"

"बसतेत."

"आन बसून काय करतेत? थकतेत. मळ पीठ."

मी पीठ मळायचे. पण भांडण संपलं नव्हतं. मी फक्त गप्प बसायचे आणि तू ते संपलं असं धरायचीस.

संक्रांत झाल्यावर बसूनं आपल्याला हैदराबादला त्याच्या घरी बोलावून घेतलं, ते सगळं या दिवसांत फार आठवतं. रविवारी सकाळी नाश्ता केला नाही. बसू म्हणाला, "आज ब्रंचला जायचंय. जपानी हॉटेल आहे, एकदम भारी. नाश्ता आणि जेवण एकत्र."

तू म्हणालीस, "म्हंजे एका येळंचं वाचीवलं?"

सून, स्नेहा, इतकी हसली की तिच्या हातातली गाडीची किल्ली पडली. मला त्या दिवसापासून ती पोरगी आवडते.

काचेची इमारत, लिफ्टनं किती वर गेलो कोण जाणे. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथली सगळी माणसं एकदम ओरडली. जपानी भाषेत 'या, या' म्हणण्याची त्यांची रीत, असं स्नेहानं नंतर सांगितलं. पण तू माझं मनगट धरलंस आणि आपण दोघींनी एकाच वेळी वर पाहिलं, छताकडं. तिथं कागदाचे गोल दिवे टांगलेले, एसीच्या वाऱ्यानं जरा जरा हलत होते. बसूला काहीच कळलं नाही, भूकंपाच्या वेळी तो पाळण्यातून नुकताच उतरलेला. तू म्हणालीस, "त्या दिव्याखाली न्हाई बसायचं." त्यांनी बिचाऱ्यांनी टेबल बदलून दिलं.

मग तो टॉवेल. बांबूच्या ताटलीत गरम, ओला, गुंडाळी केलेला, प्रत्येकापुढं एक. तू उलगडलास आणि टेबल पुसायला घेतलंस. मी माझी बाजू पुसली. कोपरे सुद्धा. टेबल आधीच आरशासारखं होतं, पण हाताला सवय. बसूनं कपाळाला हात लावला. "आई, तो हात पुसायला असतो!"

"हात तर धुऊन आलाव की."

वाढणारा माणूस चाळिशीतला, हैदराबादचाच, हसरा. त्यानं दुसरे टॉवेल आणून ठेवले.

बसूनं आधीच फोन करून सगळं शाकाहारी सांगून ठेवलं होतं. एकेक पदार्थ येऊ लागला. भाताचे गोळे, मध्ये काकडी, कशात लोण्यासारखं हिरवं फळ, भोवती काळी पट्टी. तू ती पट्टी नखानं उचलून पाहिलीस. "हे काय, रेशनच्या पावतीखालचा काळा कागद?"

"समुद्रातलं शेवाळ आहे, आई."

"शेवाळ खायला येवढं वर चढायचं? आपल्या इहिरीत काय कमी व्हतं का?"

पण खरी गंमत पुढं झाली. पदार्थ येत राहिले आणि तू काहीच खाल्लं नाहीस. मांडीवर हात ठेवून बसलीस. ताटलीत गोळे साठत गेले, शेजारी भजी आली, वाटीत पुरणाच्या येळवणीसारखं पाणी आलं. सगळ्याची वाफ गेली. बसू म्हणाला, "आई, खा की. इथं जसं येईल तसं खायचं असतं."

"सगळ्यांचं वाढून होऊ दे."

"ते कधी होतच नाही, आई. अनलिमिटेड आहे. ते आणतच राहतात."

"मग सुरू कवा करायचं?"

तू त्या वाढणाऱ्याला हाक मारलीस. आपल्या औशाच्या बाजारातली हिंदी. "ओ दादा, तुमारा खाना हुवा क्या?"

"नै अम्मा. हमारा चार बजे होता."

"चार?" तू माझ्याकडं पाहिलंस, जणू मी काही करू शकणार होते. "बग गं. ह्येंचंच राहिलंय आन आपुन बसायचं व्हय?"

तो माणूस वाकून म्हणाला, "आप खाव अम्मा, हमारा पेट भरता." बसूची मान खाली. पलीकडच्या टेबलावरची माणसं बघत होती. मला नेहमीसारखं वाटलं, जमीन फाटावी. मग हे असं काही आपण म्हणू नये हेही आठवलं.

आणि आक्का, तेव्हा मी खाल्लं.

तुझी वाट न पाहता. जेवायच्या काड्यांनी जमेना, स्नेहा म्हणाली हातानं चालतं, म्हणून हातानं. एक गोळा उचलला आणि तोंडात टाकला. भात मऊ होता, जरा आंबट, काकडी कचकन लागली. माझ्यापुढं कुणीतरी आणून ठेवलेलं होतं आणि मी ते आल्याबरोबर खाल्लं. बाकी काही नाही. दुसरा उचलला. वर पाहिलं तर तू माझ्याकडं बघत होतीस. वाटलं, रागावलीस. तू तुझी ताटली बोटानं सरकवत माझ्यापुढं आणलीस. म्हणालीस, "घे."

मी तुझेही खाल्ले.

ते खात असतानाच बसूनं विषय काढला. म्हणाला, "आई, ही बॅच परीक्षेला गेली की मेस बंद करायची. तू आमच्याकडं यायचं. डॉक्टर काय म्हणालेत? गॅसपुढं उभं राहायचं नाही."

तू विचारलंस, "आन ही?"

"काकूंचं मी मामांशी बोललोय. नांदेडला त्यांच्याकडं एक खोली रिकामी आहे. काकूंनाही आराम मिळेल."

मामा म्हणजे माझा भाऊ. वाईट नाही तो, वहिनीही वाईट नाही. बसूही वाईट बोलला नाही. त्याच्या घरी दोनच खोल्या, मी पाहिल्या होत्या. आणि मेस बंद व्हावी असं तर मीच दरवर्षी म्हणत होते. मग माझ्या डोळ्यांतून पाणी का आलं ते मला तिथं कळलं नाही. ताटलीत कडेला तिखट हिरवी चटणी होती. स्नेहा घाईनं म्हणाली, "अहो काकू, ती नुसती खायची नसते, नाकात जाते," आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. मी मान हलवली. बरंच झालं. सगळ्यांना ती चटणीच वाटली.

तू बसूला एवढंच म्हणालीस, "पोरांची परीक्षा होऊ दे. मग सांगते."

परतीच्या गाडीत बीदरपर्यंत तू त्या जेवणाला नावं ठेवत होतीस. भात शिळा वाटला, पाण्याला फोडणी नव्हती, भजी तेवढी बरी होती. मला विचारलंस, "तुला काय आवडलं गं त्यात येवढं?" मी खिडकीबाहेर पाहिलं. सांगायचं होतं, मला बसून खायला आवडलं. कुणी तरी आणून वाढलं, ते आवडलं. गरम आवडलं. पण म्हटलं, तुला लागेल. तू इतकी वर्षं मला वाढलंस, पण कधी पहिलं वाढलं नाहीस. असं ते ऐकू आलं असतं.

आणि एक सांगायचं होतं, की मला टाकून जाऊ नको. तेही नाही सांगितलं.

उदगीर मागं पडलं. तू शाल डोक्यावरून घेतलीस, झोपलीस असं वाटलं. मग शालीतूनच म्हणालीस, "चटणी तर तुझ्या ताटात तशीच व्हती."

लातूर येईपर्यंत आपण दोघी जाग्या होतो आणि दोघींनी डोळे मिटलेले होते.

त्यानंतर परीक्षेचं नाव निघालं की मी ऐकत राहायचे. तू काय ठरवलंस ते तुझ्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. होळी झाली, बाजारात नवी ज्वारी आली. यंदा भरायची का, असं मी विचारलं तर म्हणालीस, "बगू." तू कधी 'बगू' म्हणत नाहीस. मला वाटलं, चालली ही. मी मनातल्या मनात नांदेडची खोली झाडायला सुरुवात केली. मधे भावाच्या मुलीची सोयरीक निघाली म्हणून दोन दिवस तिकडं जाऊनही आले. वहिनीनं ती खोली दाखवली. खिडकी होती. मी छान म्हणाले.

मग तू त्या सकाळी पीठ चाळता चाळता पिढ्यावर टेकलीस. "जरा दम लागला," म्हणालीस. मी पाणी आणलं. तू ग्लास हातात घेतलास आणि विचारलंस, "पोरांचं झालं का?" ती अजून यायचीच होती. मी म्हणाले, झालं. हे एक खोटं तुझ्याशी बोलले, ते बरं केलं असं वाटतं. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत तू नव्हतीस.

गावाहून परत आल्यावर तिसऱ्या दिवशी पोरं दारात उभी. जेवायला मागायची लाज वाटत होती त्यांना, नुसतीच उभी होती. मी चूल, म्हणजे गॅस, पेटवला. रोजच्या डब्यातली ज्वारी संपलेली होती. मोठ्या पत्र्याच्या कोठ्यांत मागच्या वर्षीची खाली थोडी असेल म्हणून झाकण उघडलं.

आक्का, कोठी गळ्यापर्यंत भरलेली. दुसरी उघडली, तीही. नवी टपोरी ज्वारी, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला, तू घालतेस तसा, मुठीनं चुरून. मी नांदेडला होते तेव्हा मागवून भरून ठेवलीस. पूर्ण वर्षाची. मेसची.

मी कोठीला धरून खाली बसले. तू जाणार नव्हतीस. मला टाकून तू कुठंच जाणार नव्हतीस, हे कळलं आणि रडू फुटलं. आणि रडता रडताच कळलं की अजून एक वर्ष भाकरी थापायची होती. माझ्याशी न बोलता तू तेही ठरवून टाकलं होतंस. त्याचंही रडू आलं. कुठलं कशाचं ते मला वेगळं करता आलं नाही. पोरं बाहेर तशीच उभी होती. एक पोरगी आत येऊन म्हणाली, "काकू, राहू द्या, आम्ही वडापाव खातो." मी म्हणाले, "बस." ती बसली. माझा आवाज ऐकून बसली असावी, कारण तो मलाही नवा वाटला.

काल बसू आला. पिशव्या घेऊनच आला होता. म्हणाला, "काकू, मामा रविवारी तुम्हाला न्यायला येतायत. पोरांची सोय मी पलीकडच्या मेसमध्ये केलीय. तुम्ही काही काळजी करू नका." त्याचा चेहरा उतरलेला होता. झोप नव्हती पोराला. मी त्याला आधी जेवायला वाढलं. तो अर्धा जेवला तेव्हा म्हणाले, "नको."

"काय नको?"

"परीक्षेपर्यंत मीच वाढणार ह्यांना. मग मेस बंद."

"बरं. मग नांदेडला?"

"न्हाई. इथंच राहीन."

"एकट्या इथं काय करणार, काकू?"

"जेवीन," मी म्हणाले. "गरम."

तो हसला, तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मान वळवून कोठ्यांकडं बघू लागला. जाताना म्हणाला, महिन्याला येईन. येईल तो. ती ज्वारी आहे ना, आल्यावर वाढीन.

तेव्हा आक्का, भांडण मी जिंकले. परीक्षा झाली की मेस बंद. तुझी ज्वारी मी एकटी खाणार, सरायला किती वर्षं लागतील ते लागू दे. तुझ्या नावानं हे चालू ठेवीन असं मी म्हणणार नाही. माझ्यानं होत नाही. तू समोर असतीस तर काहीतरी बोलली असतीस आणि मी पुन्हा पीठ मळायला बसले असते. जिंकल्याचं काही वाटत नाही. तू हरताना दिसली असतीस तर वाटलं असतं.

आज पोरं उठल्यावर मी दारात गेले. विचारलं, "कुणाचं राहिलं का?" माझा आवाज दारातल्या चपलांपर्यंतच गेला असेल. कुणी आलं नाही. आत येऊन शेवटची भाकरी टाकली, ही करपू दिली नाही. ताट वाढलं, तुझ्या पिढ्यासमोर ठेवलं आणि बसले.

हात उचलेना. वाफ निघत होती, निघत होती, कमी होत चालली. मला कळलं मी कशाची वाट बघतेय. मग मीच म्हणाले, "घे." तुझ्यासारखं म्हणायला गेले. माझाच आवाज आला.

घास अजून गरम होता.